जन्मताना बाळ रडलं नाही. पुढे मिरगी होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब सोलापूरचं, बाळंतपण माहेरी, कर्नाटकातल्या इंडीला झालं. मुलगी जन्मल्यावर रडली नाही, पिशवीने श्वास द्यावा लागला, नऊ दिवस पेटीत होती. दुसऱ्या दिवशी दोनदा झटके आले. आता ती पाच महिन्यांची आहे. झटके पुन्हा आलेले नाहीत, पण फिनोबार्बिटोनचं सिरप चालूच आहे. 'मेंदूला ऑक्सिजन कमी पडला' असं तेव्हा सांगितलं होतं. तिला मिरगी होणार का, औषध किती दिवस द्यायचं, लक्ष कशावर ठेवायचं, आणि पुढच्या बाळाला हेच होईल का?

आधी सरळ उत्तर. जन्मानंतरच्या दिवसांत झटके आलेल्या मुलांपैकीसुद्धा बहुतेकांना पुढे अपस्मार, म्हणजेच मिरगी, होत नाही. तुमच्या मुलीचा धोका चारचौघांच्या मुलांपेक्षा जास्त आहे हे खरं, पण किती जास्त ते नुसत्या 'रडली नाही' यावरून कुणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी पहिल्या तीन-चार दिवसांत ती कशी होती, तेव्हाची शुगर किती होती, एमआरआयमध्ये काय दिसलं आणि आज तिची वाढ कशी आहे, हे बघावं लागतं. पाचव्या महिन्यात तुमच्या घराने एक गोष्ट मात्र पक्की ओळखायला शिकली पाहिजे. ती म्हणजे बाळांमधली एक वेगळीच फिट, 'इन्फंटाईल स्पॅझम'. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. बाकी काही वाचलं नाही तरी तो भाग वाचाच.

डिस्चार्ज कार्डावर 'अपगार 3/10, 6/10' असं काही असेल. जन्मल्याबरोबर बाळाच्या स्थितीला दिलेले हे दहापैकी गुण. पहिला आकडा जन्मानंतर 1 मिनिटाचा, दुसरा 5 मिनिटांचा. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी 1952 साली ही पद्धत सुचवली, ती बाळाला तिथल्या तिथे मदत हवी का हे ठरवण्यासाठी. मुलाचं पुढचं आयुष्य वर्तवण्यासाठी ती नव्हतीच. 1 मिनिटाच्या आकड्याला पुढच्या दृष्टीने जवळपास किंमत नाही. 5 आणि 10 मिनिटांचा थोडंफार सांगतो. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात (2006) 5 मिनिटांना पूर्ण 10 गुण असलेल्या मुलांत वर्षाला लाखामागे सुमारे 86 जणांना अपस्मार सुरू झाला, तर 1 ते 3 गुण असलेल्यांत सुमारे 628 जणांना. 'सातपट' ऐकून पोटात गोळा येतो. पण हाच आकडा असाही वाचता येतो: सगळ्यात वाईट गुण असलेल्या हजार मुलांमागे एका वर्षात साधारण सहा.

खरा फरक पडतो तो नंतरच्या दिवसांत मेंदू कसा वागला यावर. कार्डावर 'एचआयई स्टेज 1', '2' किंवा '3' लिहिलेलं असतं. एचआयई म्हणजे ऑक्सिजन आणि रक्त कमी पडल्याने मेंदूवर झालेला परिणाम. ही वर्गवारी सार्नाट दांपत्याची, 1976 सालची. स्टेज 1 मधलं बाळ टक्क जागं, चिडचिडं असतं, हातपाय थरथरतात, पण झटके येत नाहीत आणि साधारण 24 तासांत ते सावरतं. अशा मुलांत पुढच्या अपस्माराचा धोका फारसा वाढत नाही. स्टेज 2 मधलं बाळ मलूल आणि सैल पडलेलं असतं, चोखण्यात जोर नसतो, झटके बहुधा याच टप्प्यात दिसतात. स्टेज 3 म्हणजे बेशुद्ध, पूर्ण ढिलं, श्वासाला यंत्र लागलेलं बाळ. तुमच्या वर्णनावरून मुलगी स्टेज 2 मध्ये असावी. त्या टप्प्यात विचारायचा प्रश्न एकच: स्वतः अंगावर ओढून दूध कितव्या दिवशी प्यायला लागली? पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत नीट चोखू लागलेल्या मुलांचं पुढचं चित्र बरंच चांगलं असतं. दोन-तीन आठवडे नळीनेच दूध द्यावं लागलं असेल तर काळजी वाढते.

काही जण विचारतात, 'मोठ्या शहरात बाळाला थंड करून ठेवतात, आमच्याकडे का केलं नाही?' ऑक्सिजन तुटल्यावर मेंदूच्या सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. श्वास परत आला की काही तास बऱ्यापैकी जातात आणि मग दुसरी पडझड सुरू होते. म्हणून जन्मापासून 6 तासांच्या आत शरीराचं तापमान 33.5 अंश सेल्सियसवर आणून 72 तास तिथेच ठेवायचं, अशी ही पद्धत. श्रीमंत देशांत तिचा फायदा सिद्ध झाला. मात्र भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या 'हेलिक्स' चाचणीत (2021) मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. त्यामुळे थंड केलं नाही याचा दोष मनाला लावून घेऊ नका. उलट बाजूला मात्र आपल्याकडे दुर्लक्ष होतं: अशा बाळाचं अंग तापू देणं हे निश्चित नुकसानीचं आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, वॉर्मरचा (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राचा) त्वचेवरचा सेन्सर निसटलेला असतो आणि बाळाचं तापमान 38 च्या वर जातं ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आता झटके. जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतले झटके म्हणजे मिरगी नव्हे. मेंदूला नुकताच मार बसलेला असतो, त्या माराची ती प्रतिक्रिया असते. सूज आणि रसायनांची गडबड ओसरली की बहुतेकांत ते आपोआप थांबतात. काहीही चालू कारण नसताना, एकमेकांपासून 24 तासांपेक्षा जास्त अंतराने दोनदा फिट आली, की त्याला अपस्मार म्हणतात. किंवा एकच फिट आली, पण मेंदूतल्या जुन्या जखमेमुळे ती पुन्हा येण्याची शक्यता 60 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तरीही. नवजात झटक्यांनंतर पुढे अपस्मार किती जणांना होतो याचा अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेला अंदाज साधारण 18 टक्के आहे. ज्यांना झाला त्यांपैकी दोन तृतीयांश मुलांत तो पहिल्या वर्षातच सुरू झाला आणि पाचांतल्या चौघांत विकासाचा किंवा हातापायांचा दुसरा त्रासही होता. यातून घरच्यांनी उचलायची गोष्ट ही: मान धरणारं, हसणारं, दोन्ही हातांनी सारखं खेळणारं मूल पहिला वाढदिवस फिटशिवाय ओलांडतं, तेव्हा धोका खूप खाली आलेला असतो. शून्य होत नाही, त्याबद्दल पुढे.

एमआरआय झाला असेल तर तो कितव्या दिवशी झाला ते बघा. चौथ्या ते सातव्या दिवसातला, डिफ्युजनसह (ताजी इजा दाखवणाऱ्या खास पद्धतीसह) केलेला एमआरआय सगळ्यात उपयोगी. आठवड्यानंतर डिफ्युजनचे बदल पुसट होतात आणि खोटा 'नॉर्मल' रिपोर्ट येऊ शकतो. रिपोर्टमध्ये ढोबळ दोन नमुने असतात. 'बेसल गँग्लिया, थॅलॅमस' म्हणजे ऑक्सिजन अचानक आणि जवळपास पूर्ण तुटला होता, उदाहरणार्थ नाळ दाबली गेली किंवा गर्भाशय फाटलं. यात हातापायांच्या हालचालींचा त्रास, म्हणजे सीपी (सेरेब्रल पाल्सी), जास्त. 'वॉटरशेड' किंवा 'पॅरासॅजिटल' म्हणजे पुरवठा बराच वेळ कमी-कमी होत राहिला. यात मेंदूच्या वरच्या थराला इजा होते, आणि फिट्स याच थरातून उगम पावतात. नवजात वयात एमआरआय झालाच नसेल आणि मूल व्यवस्थित असेल तर आत्ता घाईने भूल देऊन करायची गरज नाही. दीड-दोन वर्षांनंतर जुने व्रण जास्त स्पष्ट दिसतात. फिट आली किंवा वाढ अडली, तर मात्र वयाची वाट बघायची नाही. 'निदान सीटी तरी काढून ठेवू' हा सल्ला ऐकू नका. किरणं जातात आणि हाती फार काही लागत नाही.

शुगरबद्दल जरा जास्त लिहावं लागेल, कारण आपल्या भागात 'ऑक्सिजन कमी पडला' या शिक्क्याखाली दडलेलं खरं कारण पुष्कळदा शुगर खूप खाली जाणं हेच असतं. पहिलटकरणीला दूध उतरायला वेळ लागतो, बाळ झोपाळू असतं, 'झोपू दे, दमलंय' म्हणून सहा-सहा तास पाजलं जात नाही. कुणी मध चाटवतं, कुणी साखरेचं पाणी कापसाने पिळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ निळं पडतं किंवा झटके येतात, तेव्हा शुगर 20 च्या आत सापडते. (40-45 मिलिग्रॅमच्या खाली गेली की नवजात बाळात हालचाल करावी लागते.) मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे दृष्टीचं केंद्र आहे, तिथे याचा सगळ्यात जास्त फटका बसतो. अशा मुलांत पुढे इन्फंटाईल स्पॅझम आणि नजरेचा त्रास, दोन्ही बऱ्याच प्रमाणात दिसतात. म्हणून जन्माच्या रुग्णालयातून 'शुगर किती होती' हा आकडा मिळवणं एमआरआयइतकंच महत्त्वाचं आहे. बाळंतपण माहेरी झालं की कागद माहेरीच राहतात, आणि सीमेपलीकडचे असतील तर काही भाग कन्नडमध्ये असतो. कुणाला तरी पाठवून डिस्चार्ज कार्ड, शुगरचा तक्ता आणि एमआरआयची सीडी आणून घ्या. दोन वर्षांनी हे कागद बहुधा मिळत नाहीत. मधाबद्दल सांगायचं तर एक वर्षाच्या आत तो अजिबात नको. त्यातल्या जंतूंमुळे बाळ लुळं पडू शकतं.

फिनोबार्बिटोन किती दिवस? हे औषध चालू झटके थांबवण्यासाठी दिलेलं असतं. सुरुवातीला किलोमागे 20 मिलिग्रॅम, गरज पडली तर 40 पर्यंत, मग रोज किलोमागे 3 ते 5 मिलिग्रॅम. ते पुढची मिरगी टाळत नाही. अमेरिकेतल्या मुलांच्या 2021 मधल्या अभ्यासात डिस्चार्जआधी औषध बंद केलेली आणि घरी चालू ठेवलेली मुलं दोन वर्षांनी तपासली: विकासात फरक नव्हता, अपस्माराच्या प्रमाणातही नव्हता. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची 2023 ची शिफारस तर अशी आहे की झटके थांबले असतील आणि ते त्या वेळच्या आजारामुळेच आले असतील, तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत-लहरींचा आलेख) आणि एमआरआय कसेही असोत, औषध घरी पाठवण्याआधीच बंद करावं. तरीही 'असू दे, सेफ्टी म्हणून' सहा महिने, वर्ष, दोन वर्षं ते चालू ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे. सुस्ती, नंतर चिडचिड आणि चंचलपणा, शिकण्यावर परिणाम, हे सगळं त्या 'सेफ्टी'च्या खात्यात जातं. गंमत म्हणजे बऱ्याच मुलांना तो डोसही उरलेला नसतो. 2.8 किलोच्या बाळाला सुरू केलेले 14 मिलिग्रॅम सहा किलोच्या मुलीला दिले, तर किलोमागे साधारण सव्वादोन मिलिग्रॅमच पडतात. म्हणजे औषधाने फिट थांबवून धरली आहे हा समजही चुकीचा.

पण म्हणून आज रात्री बाटली फेकून द्यायची नाही. चार-पाच महिने चाललेलं फिनोबार्बिटोन एकदम तोडलं तर त्यामुळेच झटके येऊ शकतात. बालरोगतज्ज्ञाकडून मुलीची तपासणी करून घ्या. वाढ ठीक असेल आणि संशयास्पद हालचाली नसतील, तर ते काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवून बंद करतात.

आता स्पॅझम. वय तीन महिने ते एक वर्ष, सगळ्यात जास्त चौथ्या ते सातव्या महिन्यात. म्हणजे तुमची मुलगी नेमकी त्याच वयात आहे. ही फिट आपल्या डोक्यातल्या फिटसारखी दिसत नाही. तोंडाला फेस नाही, लांबलेली आकडी नाही. बाळ मान खाली टाकतं, दोन्ही हात बाजूला उघडतात किंवा छातीशी येतात, पाय पोटाशी जातात, डोळे क्षणभर वर. एक-दोन सेकंद. मग सैल. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा तसंच. अशी दहा, वीस, कधी शंभर झटक्यांची रांग लागते, बहुतेकदा झोपेतून उठल्या उठल्या. प्रत्येक झटक्यानंतर किंवा रांग संपल्यावर बाळ रडतं, म्हणून घरचे म्हणतात पोट दुखतंय, गुटी द्या. 'दचकतंय, दृष्ट लागली' म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात आणि महिना-दोन महिने निघून जातात. तोवर बाळाचं हसणं कमी झालेलं असतं, नजर भिडवणं थांबलेलं असतं, धरलेली मान परत सैल पडलेली असते. डॉ. वेस्ट यांनी 1841 साली लॅन्सेट नियतकालिकात स्वतःच्या मुलाचं असंच वर्णन लिहून पाठवलं होतं. म्हणून याला वेस्ट सिंड्रोमही म्हणतात.

ओळखायचं कसं? साधं दचकणं आवाजाने किंवा धक्क्याने होतं, एकदाच होतं, आणि चार-पाच महिन्यांत जातं. थरथर असेल तर हात हलकेच धरला की थांबते. फिट धरून थांबत नाही. फक्त झोपेतच हातपाय उडत असतील आणि जागं केल्यावर लगेच थांबत असतील, तर ते बहुधा निरुपद्रवी असतं. दूध पाजल्यावर पाठ कमानीसारखी ताणणं उलटीचं, आम्लाचं असू शकतं. पोटदुखीचं रडणं सलग असतं, त्यात मोजून घेता येईल असा ठेका नसतो. ठराविक अंतराने, एकसारखी, उठल्यावर येणारी हालचाल म्हणजे सिद्ध होईपर्यंत स्पॅझमच धरा.

मोबाईलवर व्हिडिओ काढा. बाळाला मांडीवरून खाली, सपाट अंथरुणावर ठेवा, दुपटं काढा, चेहरा आणि चारही हातपाय चौकटीत येऊ द्या, दिवा लावा आणि किमान दोन मिनिटं सलग घ्या. दहा सेकंदांच्या तुकड्यातून रांग दिसत नाही. हा व्हिडिओ घेऊन त्याच आठवड्यात ईईजी झाला पाहिजे. पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नका. ईईजीत झोप आणि झोपेतून उठतानाची दहा-पंधरा मिनिटं दोन्ही हवीत. जागेपणीचा वीस मिनिटांचा नॉर्मल ईईजी स्पॅझम नाकारत नाही. आदल्या दिवशी शांपूने डोकं धुवा आणि तेल लावू नका. इथे बरेच ईईजी टाळूवर थापलेल्या तेलामुळे खराब निघतात, कारण पेस्ट चिकटतच नाही. बाळाला सकाळी लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, आणि वायरी लावून झाल्यावर पाजा. मग झोपेचं औषध बहुधा लागतच नाही.

निदान झालं की उपचार त्याच दिवशी सुरू करायचे असतात. पर्याय दोन: स्टेरॉईड, म्हणजे एसीटीएचची (शरीरातच स्टेरॉईड तयार करवणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शनं किंवा तोंडावाटे प्रेडनिसोलोन, आणि दुसरं व्हायगाबॅट्रिन. प्रेडनिसोलोन बहुतेक ठिकाणी रोज किलोमागे 4 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 60, दोन आठवडे देऊन मग उतरवत नेतात. आपल्याकडे हेच परवडणारं आणि लगेच मिळणारं आहे. ते चालू असताना बाळ फुगतं, सतत भुकेलं आणि किरकिरं होतं, रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग पटकन होतो. आठवड्यातून दोनदा रक्तदाब तपासून घ्या. घरात कुणाला टीबी असेल किंवा होऊन गेला असेल तर आधीच सांगा. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला अशा जिवंत लसी औषध संपल्यावर किमान महिनाभराने. आणि काहीही झालं तरी मध्येच बंद करायचं नाही. व्हायगाबॅट्रिन किलोमागे 50 मिलिग्रॅमपासून सुरू करून 150 पर्यंत नेतात. जास्त काळ दिलं तर दृष्टीची कड कमी होऊ शकते, म्हणून ते गरजेपुरतेच महिने. त्याच्या पुड्या तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाहीत. सोलापुरातूनच पंधरा दिवसांचा साठा घेऊन ठेवा. दोन आठवड्यांनी यश 'कमी झाले' असं मोजत नाहीत. झटके पूर्ण थांबले का आणि ईईजी सुधारला का, एवढंच बघतात. नाही तर लगेच दुसरं औषध.

वर्षानंतरचा टप्पा शांत असतो, पण दोन गोष्टी पुढे डोकं वर काढतात. मेंदूच्या मागच्या भागात व्रण असलेल्या मुलांत पाच-दहा वर्षांनंतरही फिट सुरू होऊ शकते. रात्री उठून उलटी, डोळे एका बाजूला वळणं, 'रंगीत गोळे दिसतात' असं सांगणं. हे पित्त किंवा अर्धशिशी म्हणून वर्षभर खपतं. दुसरी गोष्ट थॅलॅमसला इजा झालेल्या मुलांची: चार ते आठ वर्षांच्या दरम्यान अंगणवाडीत बोलणारं, गाणारं मूल हळूहळू मागे पडतं, शब्द हरवतात, फिट मात्र क्वचितच दिसते. यात गाढ झोपेत मेंदूत जवळजवळ सलग विद्युत-गडबड चालू असते. जागेपणीचा ईईजी काढून काही कळत नाही, झोपेचाच लागतो. शाळेत नापास व्हायला लागलं म्हणून शिकवणी लावण्याआधी, जन्माचा हा इतिहास असेल तर एकदा झोपेचा ईईजी काढा.

फिट आलीच तर काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, पाठ असलं पाहिजे. घड्याळ बघा. डाव्या कुशीवर वळवा, लाळ बाहेर वाहू द्या. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल हुंगवणं नाही. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलॅमचा नाकात मारायचा स्प्रे: किलोमागे 0.2 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 2 मिलिग्रॅम, म्हणजे एका दाबाला अर्धा मिलिग्रॅम सुटत असेल तर चार दाब, दोन एका नाकपुडीत आणि दोन दुसऱ्यात. बाजारात एका दाबाला सव्वा मिलिग्रॅम सुटणारे स्प्रेही आहेत, म्हणून बाटली बदलली की दाबांची संख्या पुन्हा लिहून घ्या. वापरण्याआधी बाटली हवेत दोन-तीनदा दाबून धुकं येतंय का बघा, मुदत तपासा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी स्प्रे देण्याऐवजी तडक रुग्णालय गाठा. 108 ला फोन स्प्रे मारतानाच करायचा, परिणामाची वाट बघून नाही.

रोजचं औषध लागलंच तर सगळ्यात जास्त चुका मापात होतात. लेव्हेटिरॅसिटॅमच्या सिरपमध्ये 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात. दहा किलोच्या मुलाला दिवसाला 300 मिलिग्रॅम म्हणजे दीड मिलिलिटर दोन वेळा. कुणी 'एक चमचा' ऐकलं तर एका वेळी 500 मिलिग्रॅम गेले. सुईविना सिरिंजनेच मोजा आणि बाटलीवर खूण करा. कार्बामाझेपिनचं सस्पेन्शन न हलवता दिलं तर महिन्याच्या सुरुवातीला पाणी आणि शेवटी विष, असा प्रकार होतो. शिवाय स्पॅझममध्ये हे औषध त्रास वाढवू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या मुलाला लागू पडलेलं औषध आपल्याला नको. व्हॅल्प्रोएट दोन वर्षांच्या आत, विशेषतः चयापचयाच्या आजाराचा संशय असताना, यकृताला धोक्याचं ठरू शकतं. औषध दिल्यावर पंधरा मिनिटांत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा. ऊसतोडीला किंवा वारीला निघणाऱ्या कुटुंबांनी पूर्ण मुक्कामाचं औषध आणि चिठ्ठीची प्रत बरोबर न्यावी. मोठ्या फिट्स घेऊन येणाऱ्या मुलांत 'तिकडे औषध मिळालं नाही' हे कारण नेहमीचं आहे. दोन योग्य औषधं पूर्ण डोसात देऊनही फिट थांबत नसेल तर तिसऱ्या-चौथ्याचे प्रयोग करत बसण्यापेक्षा पुणे किंवा हैदराबादच्या अपस्मार शस्त्रक्रिया केंद्राचं मत घ्या. व्रण एकाच भागात असेल तर शस्त्रक्रियेने सुटण्यासारखी मुलं असतात आणि ती उगाच वाट बघत राहतात.

लसीकरण थांबवू नका. जन्मताना झटके आले म्हणून पेंटाव्हॅलंट टाळण्याचं कारण नाही. चालू, आटोक्यात न आलेल्या फिट्स असतील तेवढ्यापुरतं पुढे ढकलतात. विकासाची तपासणी आशाताईंच्या 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांच्या घरभेटींत होऊ शकते. काही मागे वाटलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, चिठ्ठी मिळते आणि तिथली फिजिओथेरपी मोफत असते. फिट नाही म्हणून फिजिओ लांबवू नका.

शेवटचा प्रश्न, पुढच्या बाळाचा. कारण खरोखर प्रसूतीतली अडचण असेल तर ते सहसा पुन्हा होत नाही. पण 'ऑक्सिजन कमी पडला' हे निदान आधी खरं आहे का ते तपासावं लागतं. आपल्या सोलापूर-विजयपूर-कलबुर्गी पट्ट्यात मामा-भाचीची, आत्ते-मामेभावंडांची लग्नं अजून होतात आणि चयापचयाचे आनुवंशिक आजार नेमके असेच दिसतात. संशय कधी घ्यायचा? बाळ जन्मताना बरं रडलं होतं आणि झटके नंतर आले. झटके आठवडा उलटूनही औषधांना दाद देत नव्हते. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांना काहीच झालेलं नव्हतं. एमआरआय नॉर्मल आहे पण मूल मागे पडतंय. आधीचं एखादं भावंड लहानपणी गेलं आहे. यातलं काही असेल तर रक्त-लघवीच्या चयापचय चाचण्या आणि जनुकीय तपासणीबद्दल विचारा. यांतले काही आजार चक्क जीवनसत्त्वाने आटोक्यात येतात: बायोटिनिडेजच्या कमतरतेत रोज 5 ते 10 मिलिग्रॅम बायोटिन, पायरिडॉक्सिनवर अवलंबून असलेल्या झटक्यांत जीवनसत्त्व बी-6. 'ऑक्सिजन'चा शिक्का बसला की हे कुणी शोधतच नाही, आणि तोच आजार पुढच्या बाळात चारात एक या शक्यतेने पुन्हा येतो.

तुमचं नात्यातलं लग्न नसेल आणि वरचं काहीच लागू नसेल, तर पुढच्या वेळी एवढं करा: बाळंतपण माहेरी असो की सासरी, नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या ठिकाणी ठरवा, या मुलीचं कार्ड तिथल्या डॉक्टरांना सातव्या महिन्यातच दाखवा, आणि बाळ झाल्यावर पहिल्या तासात अंगावर घ्या, मग दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. ते मलूल वाटलं, ओढत नसेल किंवा वजनाने लहान असेल, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत टाचेतून शुगर तपासून तिचा आकडा कार्डावर लिहून घ्या.